थॉमसिनाचं गवत

जुलै महिन्यात कोळशाच्या खाणीवर जगणाऱ्या कोल्डबर्नमध्ये संध्याकाळ संपता संपत नाही. नऊ वाजले तरी उजेड खाणीच्या उंच चाकावर रेंगाळतो, मग हळूच उतरून खाणकामगारांना वाटून दिलेल्या बागेच्या पट्ट्यांवर येतो, काचघरांच्या काचांवर बसतो, कबुतरखान्यांच्या फळ्यांवर बसतो, आणि कधीतरी कोणाला न सांगता निघून जातो. अशा उजेडात थॉमसिना हडस्पेथ उलट्या बादलीवर बसून लीकच्या कळ्या कापत होती. हातात भरतकामाची छोटी कात्री. समोर काठीला बांधलेला तिच्याहून उंच दांडा, आणि दांड्याच्या टोकाला मुठीएवढं जांभळट बोंड.

लीक म्हणजे कांद्याचाच भाऊबंद. पण कोल्डबर्नमध्ये हे असं सपाट बोलायचं नाही, माणसं दुखावतात. इथला लीक बाजारात मिळतो तसला काडीपैलवान नसतो. बुटका, पोटरीएवढा जाड, दुधासारखा पांढरा. पांढरा भाग सहा इंचांच्या वर गेला तर प्रदर्शनातून बाद. जाडी मात्र वाढेल तेवढी थोडी. आणि असा लीक बी पेरून होत नाही. बी म्हणजे लॉटरी. जातिवंत लीक राखून ठेवायचा, दुसऱ्या उन्हाळ्यात तो बोंड काढतो, बोंडात शेकडो कळ्या येतात. त्यांना फुलू द्यायचं नाही. एकेक कळी कापायची, अशी की खालचं देठ दुखवायचं नाही. मग झाड जिद्दीला पेटतं. फूल नाही तर नाही म्हणतं आणि बोंडावरच बारीक हिरवे कोंब काढतं. डिसेंबरपर्यंत त्या बोंडावर दाट हिरवळ उभी राहते. तिला इथे सगळे गवत म्हणतात. त्यातली एक पात मुळासकट काढून कुंडीत लावली की हुबेहूब आईवर गेलेलं लेकरू.

एका बोंडाला तीन संध्याकाळी लागतात. बोंडं होती अकरा. खाणीतल्या माणसांचे हात या कामाचे नव्हेत. त्यांची बोटं जाड, आणि सहनशक्ती बारीक. म्हणून अख्ख्या कोल्डबर्नमध्ये हे काम फक्त हडस्पेथांच्या काचघरात होत असे. लोक म्हणत, विल्फ हडस्पेथच्या हाताला गुण आहे. तो गुण भरतकामाच्या कात्रीचा होता हे विल्फला माहीत होतं आणि थॉमसिनाला. तिसऱ्या कोणी विचारलं नव्हतं.

विल्फ फेब्रुवारीत गेला. छातीत कोळशाची भुकटी घेऊन नऊ वर्षं तो काचघराच्या दारात खुर्ची टाकून बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी, डोक्यावर टोपी. वाफे खणले थॉमसिनाने. मेंढ्यांच्या लेंड्यांचं गाठोडं पिंपात भिजवून त्याचं पाणी घातलं थॉमसिनाने. लीकचे बुंधे पांढरे राहावेत म्हणून त्यांना जाड कागदाच्या गळपट्ट्या गुंडाळल्या तिने, लांब पाती वाऱ्याने मोडू नयेत म्हणून आपले जुने पायमोजे फाडून त्यांच्या झोळ्या बांधल्या त्याही तिने. विल्फ दारातून विचारायचा, "काय म्हणतायत गं आज?"

"झोपलेत," ती म्हणायची.

किंवा म्हणायची, "जागे झालेत, भूक लागलीय त्यांना."

आता खुर्ची रिकामी होती, पण काचघर रिकामं वाटत नव्हतं. ओल्या मातीचा वास, काचेवरून घरंगळणारा एखादा थेंब, आणि त्या थेंबाच्या पाठोपाठ कोणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज. थॉमसिनाला भुताखेतांचं वावडं होतं. तरी कधीकधी कात्री थांबवून ती मान न वळवता सांगायची, "झोपलेत." आणि पुन्हा कळी कापायची. कापलेल्या कळ्या मांडीवरच्या ॲप्रनमध्ये साचत जात, जांभळ्या धुळीसारख्या हलक्या. समुद्राकडून धुकं आलं की पट्टे एकेक करून विरघळत. आधी टर्नबुलचा, मग स्टोबार्टचा, मग विहिरीजवळचा. उरायची फक्त ती, तिचं बोंड, आणि कुठल्यातरी कबुतराचं घुमणं. त्या धुक्यात ती किती वेळ बसायची, तिची तिलाच खबर नसे. शेजारची मेग जॉब्लिंग कुंपणापाशी येऊन ओरडायची तेव्हा ती भानावर यायची.

"सीना! अगं सीना! चहाचं पाणी आटून केटली लाल झाली तुझी!"

"बंद केलीस ना?"

"मी केली. पण रोज करणार नाही हां. एक दिवस घर जळेल आणि तू इथे त्या कांद्याची हजामत करत बसशील."

मेगला कांदा म्हणायची मुभा होती. बाकी कोणाला नव्हती.

हडस्पेथांचा वाण हळवा, म्हणजे लवकर भरणारा. सगळं नवल याच्यात होतं. बाकीच्यांचे लीक गरवे. उन्हाळाभर डुलक्या काढणार आणि नोव्हेंबरात, प्रदर्शनातले चषक लोकांच्या फडताळात जाऊन बसल्यावर, अंग धरणार. विल्फच्या बापाला कधीकाळी एका वाफ्यात असा एक लीक सापडला की जो ऑगस्टातच फुगला. त्याने तो राखला, त्याच्या पोटचे राखले, आणि चाळीस वर्षांत असा वाण झाला की सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे ऐन प्रदर्शनाच्या दिवशी, लीक भरात असावा. दर नव्या वर्षाला विल्फ प्रदर्शन भरवणाऱ्या लीक क्लबातल्या प्रत्येकाला कुंडीभर गवत द्यायचा. फुकट. म्हणजे क्लबाच्या टेबलावर दर साली जे मांडलं जायचं, ती सगळी या एका काचघराची लेकरं.

आता क्लबाचा नियम. प्रदर्शनात लीक मांडायचा तर माणूस सभासद पाहिजे, आणि सभासद पुरुष पाहिजे. बायकांना रविवारी दुपारी मागच्या दाराने आत घेत, बघण्यासाठी. सोमवारी त्याच बायकांना पुढे बोलावत, मांडलेल्या लीकचं म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी सूप करायला. चिरायला बाई चालते. नऊ वर्षं थॉमसिनाने वाढवलेले लीक विल्फच्या नावाने टेबलावर गेले, शेजारी विल्फच्या नावाचं कार्ड लावून मिरवले, आणि सोमवारी तिच्याच सुरीखाली आले. विल्फ सरळ माणूस होता, बायकोवर जीव टाकणारा. पण तिचं नाव पुढे करणं त्यालाही कधी सुचलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

त्या वर्षीचे लीक असे झाले की पाहत राहावं. बारा होते. ऑगस्ट संपता संपता त्यांची पाती निळसर झाली, जमिनीला टेकू लागली, आणि थॉमसिना पहाटेचं दव असताना जाऊन प्रत्येक पातीवरून दुधात बुडवलेलं फडकं फिरवू लागली. हात फिरत असताना तिच्या मनात एक गोष्ट आकार घेत होती. एक पांढरं कार्ड. त्यावर काळ्या शाईत तिचं नाव. आतापर्यंत आयुष्यात तिचं नाव छापून आलं होतं ते एकदाच, वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या यादीत, आणि तिथेही ते विल्फच्या नावाखाली होतं. हे कार्ड आपल्याला हवं आहे, इतकं साधं तिला कळलं, आणि कळल्यावर ती एकटीच लाजली. साठी उलटलेली बाई, वाफ्यात गुडघ्यांवर, लाल झालेली.

प्रदर्शनाच्या दहा दिवस आधी शिक्के मारायला येतात. कोणी दुसऱ्याच्या बागेतले लीक आपले म्हणून मांडू नयेत म्हणून क्लबाचे तिघे पट्ट्यापट्ट्याने फिरतात आणि प्रत्येक लीकच्या पातीवर जांभळा शिक्का उठवतात. शिक्का नाही तर टेबल नाही. त्या सकाळी हेडली स्टोबार्ट आला. हा लीक क्लबाचा सचिव. काखेत वही, कानावर पेन्सिल, पोटावर साखळीचं घड्याळ. मागे दोघे गप्प गडी, एकाच्या हातात शिक्का, दुसऱ्याच्या हातात शाईची गादी.

हेडली वाफ्यापाशी थांबला. मग त्याने टोपी काढली.

"विल्फने बघायला हवे होते," तो म्हणाला.

"नऊ वर्षं बघतच होता तो," थॉमसिना म्हणाली. "मार शिक्का."

"मारतो की. नाव कोणाचं घालू? तुझा जावई आहे ना, तो काय तो, बसवाला. त्याला सभासद करून घेतो आजच्या आज. मी बघतो ते."

"त्याला लीक आणि गाजर यातला फरक कळत नाही."

"कळायला कशाला हवा? नाव तर पाहिजे."

"माझं घाल."

गप्प गड्यांपैकी एकजण खोकला. हेडली हसला, वाईट हसला नाही, लहान मूल चंद्र मागतं तेव्हा हसतात तसा हसला. तेच तिला झोंबलं.

"हे बघ हिनी," तो म्हणाला. हा शब्द इथले पुरुष कोणत्याही बाईला लावतात, आणि त्यात माया किती आणि थोपटणं किती हे बोलणाऱ्याच्या तोंडावर असतं. "नियम मी केला का? माझ्या आज्याच्या वेळचा नियम तो. मला काय, मी तुझ्या मांजराचं नावसुद्धा घातलं असतं. बोका असेल तर."

"खणलं कोणी हे?"

"ते माहीत आहे गं मला."

"माहीत आहे? केव्हापासून?"

हेडलीने वही एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "सगळ्यांनाच माहीत आहे. विल्फला भाकरीचा तुकडा उचलताना दम लागायचा, तो काय वाफे खणणार. पण माणूस मांडतो आपल्या घराच्या नावाने. त्यात काय एवढं? जावयाचं नाव घाल, पहिला नंबर घरात येतोय. हट्ट करू नकोस."

थॉमसिनाने हातातलं दुधाचं फडकं पिळलं, नीट, शेवटच्या थेंबापर्यंत. मग म्हणाली, "दार लावून जा हेडली. मांजर येतं आत."

शिक्का कोरडाच परत गेला.

प्रदर्शनाच्या शनिवारी क्लबाकडून बँडचा आवाज येत होता. वारा फिरला की तो मोठा व्हायचा, वारा पडला की समुद्रात बुडायचा. थॉमसिना वाफ्याच्या कडेला बसून होती. बारा लीक मातीत जसेच्या तसे. तिला वाटत होतं की ते श्वास घेतायत. पातीवरचं दव आणि तिचा श्वास एकाच लयीत वरखाली होतोय. तासाभराने राग निवला, आणि रागाखाली होतं ते काहीतरी संथ, थंड, विहिरीच्या पाण्यासारखं. बराच वेळ ती त्यात बघत राहिली.

रविवारी मेग बघून आली, कोट न काढताच कुंपणाशी उभी राहिली.

"हेडली पहिला. लान्स टर्नबुल दुसरा. दोघांचे लीक तुमच्याच गवताचे. आणि अगं, तुझ्या सगळ्यात बारक्याएवढे नाहीत गं ते! थांब, टेप आणलीय मी शिवणाची, मोजूनच दाखवते."

"मोजू नकोस."

"का? मला जाऊन तोंडावर सांगायचंय त्याच्या."

"मोजलं की मला चैन पडणार नाही, मेग. राहू दे."

मेगने टेप खिशात घातली, पण तोंड बंद होईना. "मग कशाला वाढवलेस? शोभेला?"

थॉमसिना वाफ्याकडे वळली. सगळ्यात चांगले दोन तिने पुढच्या बोंडांसाठी काढून मोठ्या कुंड्यांत लावले. उरलेले दहा गल्लीत वाटले. आठवडाभर घराघरातून फडक्यात बांधून उकडलेल्या लीकच्या पुडिंगचा वास येत होता, चरबीचा आणि गोडसर कांद्याचा. मागच्या दाराने आत जाणाऱ्या बायकांनी कोल्डबर्नचे सगळ्यात मोठे लीक समोरच्या खोलीत बसून खाल्ले, आणि कोणी नंबर काढला नाही.

मग दिवस आखडले. पट्ट्यांवर सगळं तपकिरी झालं आणि काचघरात मात्र, जुलैत भादरलेल्या त्या अकरा बोंडांवर, हिरवं उगवलं. आधी केसांसारखं, मग सुईसारखं, मग बोटभर. थॉमसिना सकाळी दार उघडायची तेव्हा तिला वाटायचं की आत अकरा लहान टेकड्या आहेत, आणि प्रत्येक टेकडीवर वसंत लागलाय, आणि आपण फार उंचावरून, ढगातून वगैरे, त्यांच्याकडे बघतोय. रॉकेलची शेगडी मंद गुरगुरायची. बाहेर हिमाचा पापुद्रा, आत कोवळ्या कांद्याचा वास. ती एका टेकडीवरून वाऱ्यासारखा हात फिरवायची. गवत वाकायचं, उठायचं.

एका सकाळी असाच हात फिरवताना, मग कशाला वाढवलेस या मेगच्या प्रश्नाचं उत्तर तिला सापडलं. टेबल त्यांचं होतं. शिक्का, वही, मागचं दार, बँड, सगळं त्यांचं. पण टेबलावर मांडायचं ते इथून निघत होतं, या अकरा टेकड्यांवरून.

नव्या वर्षाच्या दिवशी घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडावं, हातात कोळशाचा खडा असावा, म्हणजे वर्ष चांगलं जातं. गल्लीत काळे केस उरले होते एकट्या लान्स टर्नबुलचे, म्हणून बिचारा दर साली पंधरा घरं फिरायचा आणि पंधरा घरी प्यायचा. थॉमसिनाचं घर बारावं. आला तो एका हातात कोळसा आणि दुसऱ्या हातात रिकामी कुंडी घेऊन.

"नवं वर्ष सुखाचं जावो," तो म्हणाला. "आणि आलोच आहे तर म्हटलं, गवतही..."

तिने कोळसा घेतला, विस्तवावर ठेवला, त्याला केकचा तुकडा आणि व्हिस्कीचा घोट दिला. कुंडीला हात लावला नाही.

"गवत यंदा नाही लान्स."

"काय झालं? बुरशी?"

"छान आलंय. इतकं छान कधी आलं नव्हतं."

लान्स केक चावायचा थांबला. "मग?"

"कार्डावर माझं नाव आलं की देईन. सगळ्यांना देईन, विल्फ द्यायचा तसंच. नाही आलं तर नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस, तुझ्यावर राग नाही. जाऊन सांग क्लबात."

"मी सांगू? मारतील मला!"

"तुझे केस बघून सोडतील."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पहिले दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवशी हेडली भर क्लबात म्हणाला की त्याने कॅटलॉगमधून बी मागवलंय, उत्तम बी, रंगीत चित्र आहे पाकिटावर. कोणीतरी विचारलं, मग चित्रच मांडणार का टेबलावर? हेडलीने त्याच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी माणसं मोजू लागली की कोणाकडे जुनं गवत शिल्लक आहे. कोणाकडेच नव्हतं. विल्फ देतोय म्हणून कोणी राखलंच नव्हतं.

पण या सगळ्याला एक बाजू होती, आणि ती फक्त थॉमसिनाला दिसत होती. गवत थांबत नाही. जानेवारीच्या मध्यापर्यंत एकेक पात सुटी करून कुंडीत लावावी लागते. नाहीतर त्या एकमेकींच्या सावलीत उंच, फिकट आणि लुळ्या होतात, आणि बोंड सुकलं की त्याच्यासोबत जातात. तिची एकटीची जागा वीस-पंचवीस कुंड्यांची. अकरा टेकड्यांवर शेकडो पाती होत्या. एका वाफ्याला कीड लागली, एक थंडी कडक गेली, तर एकटीच्या हातात वाण टिकत नाही. तो टिकला होता चाळीस घरांत वाटला गेला म्हणून. दहा तारखेला तिला पहिलं पिवळं टोक दिसलं. ते तिने नखाने खुडलं. बाराला अशी सात दिसली.

त्या दिवशी तिने एक मोठा खोका घेतला, क्लबात देऊन टाकायला तीन बोंडं त्यात ठेवली, शाल पांघरली आणि पट्ट्यांच्या फाटकापर्यंत गेली. क्लबाची खिडकी तिथून दिसते. बर्फ नव्हतं पण आभाळ बर्फाचं होतं, आणि सगळं इतकं शांत की चाकाची दोरी फिरतानाचा सूं आवाज ऐकू येत होता. विल्फच्या बापाचा वाण. विल्फची नऊ वर्षं खुर्चीतली. आणि आपण एका कार्डापायी त्याचा गळा दाबतोय, असं तिच्या मनात आलं, आणि ते खोटं आहे असं काही तिला म्हणता येईना. फाटकाची कडी तिने धरली. लोखंड इतकं गार होतं की बोटं चिकटली. ती तशीच उभी राहिली. मनातल्या मनात विल्फला विचारून पाहिलं. विल्फने डोक्यावरची टोपी सारखी केली फक्त.

"मग मीच ठरवते," ती मोठ्याने म्हणाली, आणि खोका घेऊन परत फिरली.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी दुपारी क्लबाची वार्षिक सभा. बायकांना बंदी, पण मेगचा नवरा आत होता आणि मेगच्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही. दोन वाजता मेग धावत काचघरात आली, पायात घरातल्या सपाता.

"झालं! एकतीस विरुद्ध बारा! दीड तास भांडले. लान्स उभा राहिला म्हणे, आणि म्हणाला, लीक नसले तर सप्टेंबरात आपण काय एकमेकांची तोंडं मोजायची का! ठराव झालाय सीना. सभासदाच्या विधवेला लीक मांडता येईल."

"विधवेला."

"हो."

"तुझा नवरा धडधाकट आहे. तुला?"

मेगचा चेहरा पडला. "मला नाही. मी त्याला काहीतरी खायला घालू का?"

दोघी हसल्या, आणि हसता हसता थॉमसिनाला बसावं लागलं, विल्फच्या खुर्चीत. सगळं दार उघडलं नव्हतं. पाऊल घालण्याइतकी फट पडली होती, आणि फटीतही आधी नवरा मरायला हवा ही अट होती. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण पिवळी टोकं आता मोजता येत नव्हती.

उजेड असतानाच हेडली आला. एकटा. काखेत वही, आणि कोटाच्या पुढच्या भागाला असा फुगवटा की आत कुंडी आहे हे आंधळ्यालाही कळावं. मेग कुंपणापलीकडे गेली, म्हणजे तीन पावलं गेली आणि थांबली.

हेडली आत आला, आणि आल्याबरोबर अकरा टेकड्यांकडे बघून त्याचा आवाज बसला. "अगं देवा. सुटी करायला झालीत गं ही. आठवडा उलटला."

"दहा दिवस."

"आणि तू तशीच ठेवलीस?"

"तुम्ही ठेवलीत."

वही काढून त्याने फळीवर उघडली, पान फिरवलं, दाखवलं. "हे बघ. तयार करूनच आणलंय. सप्टेंबरच्या नोंदी. तुझी पहिली." तिथे सुबक अक्षरात लिहिलं होतं: विल्फ हडस्पेथ यांची विधवा.

थॉमसिनाने चष्मा लावून ते वाचलं. काचेवरून एक थेंब घरंगळला. "हे माझं नाव नाही," ती म्हणाली.

"ठरावात तसंच आहे. विधवा."

"मांडायला कोण चालेल ते ठरावात आहे. रकान्यावर काय लिहिलंय? वाच."

हेडलीने वाचलं. "नाव."

"मग नाव लिही."

बाहेर कबुतरं घरी परतत होती, पंखांची फडफड छपरांवरून सरकत गेली. हेडलीच्या कपाळावर घाम आला होता; काचघर उबदार होतं, पण इतकं नव्हे. त्याने कानावरची पेन्सिल काढली, लिहिलेल्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, आणि पेन्सिलीचं टोक कागदावर टेकवून थांबला. थांबलाच.

तीस वर्षं तो त्यांच्या घरी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी गार मांस खायला येत होता. विल्फच्या शवपेटीला त्याचाही खांदा होता. त्याने तिला हिनी म्हटलं होतं, विल्फची बायको म्हटलं होतं, मिसेस हडस्पेथ म्हटलं होतं. मेग तिला सीना म्हणत होती, आणि ते टोपणनाव होतं एवढं त्याला माहीत होतं.

त्याने वर बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"रागावू नकोस," हेडली म्हणाला. "काय आहे तुझं नाव?"

कुंपणापलीकडून मेगचा आवाज आला, शिंक आणि शिवी यांच्या मधला.

थॉमसिना रागावली नाही. तिला वाटलं होतं की असं काही झालं तर आपण पेटून उठू, वही त्याच्या डोक्यात घालू. त्याऐवजी काचघरातली ऊब, ओल्या मातीचा वास, अकरा टेकड्या, सगळं क्षणभर फार लांब गेलं आणि परत आलं. तिने नाव सांगितलं, सावकाश, एकदाच. थॉमसिना हडस्पेथ. कित्येक वर्षांत ते तिने स्वतःच्या तोंडाने उच्चारलं नव्हतं. जिभेला ते नवं लागलं.

हेडलीने ते लिहिलं. मग वही तिच्याकडे फिरवली. तिने वाचलं, चष्मा काढला, आणि सगळ्यात मोठं बोंड जवळ ओढून त्यातली पहिली पात मुळासकट सुटी केली. ती तिने आपल्या कुंडीत लावली. दुसरी आपल्याच कुंडीत. तिसरीही. हेडली कोटाची बटणं सोडून कुंडी हातात धरून उभा होता, आणि तिने पंचवीस पुऱ्या करेपर्यंत उभाच राहिला.

"आता ये," ती म्हणाली. "आणि जाताना क्लबात सांग, अंधार पडायच्या आत या म्हणावं सगळ्यांनी. पुढच्या दाराने आलात तरी चालेल."